पिवळ्या पावसाचा पंचनामा

परागकणांच्या दुनियेत : लेखांक ५

परागकणाचं बाहेरचं कवच किती चिवट असतं, हे मागच्या लेखांकात आपण पाहिलं. वाळू विरघळवणारं हायड्रोफ्लोरिक आम्लसुद्धा त्याच्यापुढे हात टेकतं. या चिवटपणामुळेच परागकणांना एकदा दोन महासत्तांच्या भांडणात साक्ष द्यावी लागली.

१३ सप्टेंबर १९८१ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी पश्चिम बर्लिनमध्ये एक गंभीर आरोप केला. सोव्हिएत संघाच्या मदतीने लाओस आणि कंबोडियात विषारी अस्त्रं वापरली जात आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. लाओसमधून पळून थायलंडच्या छावण्यांत आलेले ह्माँग निर्वासित सांगत होते, की आकाशातून पिवळे थेंब पडतात आणि मग माणसं आजारी पडतात, मरतात. एका अमेरिकी प्रयोगशाळेला कंबोडियातून आलेल्या पानात आणि काडीत टी-२ वर्गातली विषं सापडली. धान्यावर वाढणारी फ्युसेरियम ही बुरशी ही विषं तयार करते. या सगळ्याला ‘पिवळा पाऊस’ असं नाव पडलं.

पानांवरचे वाळलेले पिवळे ठिपके ब्रिटनच्या पोर्टन डाउन इथल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा ते परागकणांनी खच्चून भरलेले निघाले. अस्त्रात पराग कशासाठी? अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्यावरही उत्तर शोधलं : विष श्वासावाटे शरीरात जाऊन टिकावं म्हणून शत्रूने मुद्दाम पराग मिसळले असणार! एकदा संशय पक्का झाला, की प्रत्येक अडचण शत्रूच्या हुशारीच्या खात्यावर जमा होते.

इथे परागशास्त्र पुढे आलं. स्मिथसोनियन संस्थेतल्या जोन नोविके यांनी ठिपक्यांमधले कण तपासले. परागकणाच्या पृष्ठभागावरची नक्षी, काटे, छिद्रांची संख्या यांवरून वनस्पतीचं कुळ आणि पुष्कळदा प्रजातीही ओळखता येते. हे कण आग्नेय आशियातल्याच झाडांचे होते आणि तेही मुख्यतः कीटकांमार्फत परागण होणाऱ्या. म्हणजे ते वाऱ्याने उडत आलेले नव्हते. त्याहून बोलका तपशील असा, की एकाच पानावरच्या दोन शेजारच्या ठिपक्यांतलं परागांचं मिश्रण वेगवेगळं होतं. कारखान्यात पिंपात घोटलेला माल असता, तर प्रत्येक थेंबात तेच मिश्रण दिसलं असतं.

शिवाय हे कण पोकळ होते. भुईमुगाच्या शेंगेतले दाणे खाऊन टरफल टाकून द्यावं, तसं नुसतं कवच उरलेलं, आतली प्रथिनं गायब. फुलावरून गोळा केलेला पराग असा नसतो. तो असा होतो मधमाशीच्या पोटात. तिचे पाचकरस कणातला ऐवज शोषून घेतात, पण कवचातलं स्पोरोपोलेनिन हे चिवट द्रव्य त्यांना पचत नाही. ते जसंच्या तसं बाहेर पडतं.

थोडक्यात, तो पिवळा पाऊस म्हणजे मधमाश्यांची विष्ठा होती. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन (डीएनएची प्रत कशी निघते, हे दाखवणाऱ्या १९५८च्या प्रसिद्ध प्रयोगातले हेच ते) यांनी १९८३मध्ये हे जाहीर केलं, तेव्हा लोक हसले. माश्यांची घाण एवढी, की तिला पाऊस म्हणावं?

मेसेलसन, मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली आणि थायलंडचे पोंगथेप अक्रतनकुल १९८४मध्ये थायलंडच्या जंगलात गेले. तिथे उंच झाडांवर आग्या मोहोळं लटकलेली होती. आग्या माशी आपल्या ओळखीची आहे. सह्याद्रीचे कडे, पाण्याच्या टाक्या, देवळांची शिखरं, उंच इमारतींचे सज्जे यांना तिची मोहोळं लागतात. या माश्या पोळ्यातून मोठ्या संख्येने एकदम उडतात आणि हवेतच पोट रिकामं करतात. तेही इतक्या उंचावर, की खालच्या माणसाला त्या क्वचितच दिसतात. असा एक पिवळा शिडकावा तर या पथकाच्या अंगावरच झाला! मोहोळाखाली उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर किंवा वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे डाग आपल्याकडेही पडतात, पण आपण ते पुसून कामाला लागतो.

चीनमध्ये हे कोडं आधीच सुटलं होतं. १९७६च्या सप्टेंबरमध्ये च्यांगसू प्रांतात असाच पिवळा पाऊस झाला होता आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी पुढच्याच वर्षी तो मधमाश्यांच्या विष्ठेचा असल्याचं छापलं होतं. पण चिनी नियतकालिकातला तो लेख वॉशिंग्टनमध्ये वाचतो कोण? आपल्याकडेही २००२मध्ये पश्चिम बंगालच्या संग्रामपूरला हिरवट-पिवळे थेंब पडले, घबराट पसरली, आणि तपासाअंती तीही माश्यांचीच करामत निघाली.

पुढे टी-२ विषाचे निष्कर्षही डळमळले. इतर प्रयोगशाळांना ते विष पुन्हा सापडेना. तरी अमेरिकेने आपला आरोप अधिकृतपणे मागे घेतला नाही.

ह्माँग लोक खोटं बोलत होते, असा मात्र याचा अर्थ नाही. युद्ध, उपासमार, पळापळ, रोगराई हे सगळं त्यांनी भोगलं होतं आणि त्यांच्यातल्या अनेकांना परागांचा हा निवाडा आजही पटत नाही. पानावरचा डाग कशाचा, एवढंच परागकण सांगतात. त्या गावात कुणी दुसरं काही फवारलं होतं का, याचं उत्तर त्यांच्यापाशी नाही. शास्त्रज्ञांच्या बाजूने लिहिणारे पुष्कळ लोक ही मर्यादा विसरतात.

पुढच्या लेखांकात माशीच्या विष्ठेकडून मधाकडे वळू. बाटलीवर ‘जांभूळ मध’ असं लिहिलं असेल, तर त्यातले निदान ४५ टक्के परागकण जांभळाचे असावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण काही फुलं मध भरपूर देतात आणि पराग अगदी मोजका. तिथे हा संकेत का आणि कसा बदलावा लागतो, ते पाहू.