कुहीच्या जमिनीतलं टंगस्टन आणि बॅटरीशिवाय प्रकाश ओळखणारा तीन अणूंचा पापुद्रा

कुही म्हटलं की नागपूरकरांना आठवते मिरची. भूगर्भशास्त्रज्ञांना मात्र आठवतं टंगस्टन. कुही–खोबना–आगरगाव हा नागपूर जिल्ह्यातला पट्टा म्हणजे भारतात टंगस्टन सापडणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक. आगरगावची नोंद तर ब्रिटिशकाळातली आहे. भारतीय खाण ब्युरोच्या आकडेवारीनुसार देशातल्या टंगस्टन खनिजाच्या साठ्यापैकी साधारण 9 टक्के महाराष्ट्रात आहे. 2023 साली केंद्र सरकारने 30 'क्रिटिकल मिनरल्स'ची यादी काढली, त्यातही टंगस्टन आहे.

हा तोच धातू, ज्याची तार आपल्या घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बमध्ये असायची. शंभरेक वर्षं त्याने प्रकाश दिला. आता शास्त्रज्ञ त्याच्याकडून उलटं काम करून घेतायत, प्रकाश पकडण्याचं. आणि तेही वीज न देता.

ही भानगड काय आहे?

प्रकाश ओळखणारे सेन्सर आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. उन्हात गेल्यावर मोबाईलचा ब्राईटनेस आपोआप वाढतो, टीव्हीला रिमोटचा इशारा कळतो, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ऑक्सिजन सांगतो. सगळीकडे तत्त्व एकच. सेमीकंडक्टरवर प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन जागेवरून सुटतो आणि मागे रिकामी जागा उरते, तिला 'होल' म्हणतात. ही जोडी लगेच वेगळी केली नाही तर इलेक्ट्रॉन परत आपल्या जागी जाऊन बसतो आणि सेन्सरला काहीच कळत नाही. म्हणून बऱ्याच सेन्सरना बाहेरून व्होल्टेज द्यावं लागतं.

धानाच्या बांधीचं उदाहरण घ्या. सपाट बांधीत साचलेलं पाणी हलवायचं तर मोटर लावावी लागते. पण बांधीला उतार असेल तर पाणी आपसूक वाहतं. सेल्फ-पॉवर्ड सेन्सरमध्ये हा उतार आतच तयार केलेला असतो. दोन वेगवेगळे सेमीकंडक्टर एकमेकांना चिकटवले की त्यांच्या सीमेवर विद्युत क्षेत्र तयार होतं, ते इलेक्ट्रॉनला एका बाजूला आणि होलला दुसऱ्या बाजूला ओढतं. मोटर नको, म्हणजे बॅटरी नको. बाहेरचं व्होल्टेज नसल्यामुळे अंधारात उगाच वाहणारा करंटही फार कमी राहतो, त्यामुळे मिणमिणता उजेडसुद्धा वेगळा ओळखता येतो.

तुम्ही म्हणाल, छतावरचं सोलर पॅनेलही हेच करतं की! बरोबर. मग टंगस्टनची गरज काय?

इथे येतात 'टू-डी' म्हणजे द्विमितीय पदार्थ. 2004 मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाईम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी ग्राफाईटवर चिकटपट्टी लावून, ती पुन्हा पुन्हा सोलून कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा थर वेगळा केला. हेच ग्राफीन. 2010 मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. पण ग्राफीन हा सेमीकंडक्टर नव्हे. ती जागा घेतली टंगस्टन डायसेलेनाईड, मॉलिब्डेनम डायसल्फाईड या मंडळींनी. टंगस्टन डायसेलेनाईडचा एक थर तीन अणूंचा असतो: मध्ये टंगस्टन, वर-खाली सेलेनियम. जाडी एका नॅनोमीटरपेक्षाही कमी. अभ्रकासारखे याचे पापुद्रे सुटतात आणि एका पदार्थाचा पापुद्रा दुसऱ्यावर सहज ठेवता येतो. जाड स्फटिक एकमेकांवर वाढवायचे तर दोघांची अणूरचना जुळावी लागते, इथे तो हट्ट नाही. म्हणजे हवा तसा उतार जुळवून घेता येतो.

हे काम महाराष्ट्रातही झालंय. 2020 मध्ये आयआयटी मुंबईत सौरभ लोढा यांच्या गटाने टंगस्टन डायसेलेनाईडवर ऱ्हेनियम डायसल्फाईड ठेवून असा जोड तयार केला. नुसत्या प्रकाशावर त्यातून 0.64 व्होल्टपर्यंत दाब मिळाला. सेन्सर म्हणून वापरल्यावर तो 5 मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दोन लाखाव्या भागात, प्रतिसाद देत होता. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही त्याने ओळखला.

पण 'आता बॅटरीची गरजच संपली' असे फॉरवर्ड आले तर थोडं थांबा. सेन्सरला वीज लागत नाही, पण त्याने पकडलेली माहिती तुमच्या फोनपर्यंत पाठवायला लागतेच. शिवाय इतका पातळ थर बराचसा प्रकाश आरपार जाऊ देतो, म्हणून अनेकदा एकाऐवजी काही थर वापरावे लागतात. सगळ्यात मोठी अडचण आकाराची आहे. चिकटपट्टीने निघणारे तुकडे केसाच्या जाडीएवढे असतात. कारखान्यात लागणाऱ्या मोठ्या चकतीवर असा निर्दोष थर वाढवणं अजून अवघड आहे.

मग या सेन्सरमुळे कुहीत टंगस्टनची खाण येईल का? हिशोब करून बघू. टंगस्टन डायसेलेनाईडच्या एका चौरस मीटर थरात टंगस्टन असतं जेमतेम 3.3 मिलिग्रॅम. समजा, खनिजात टंगस्टन ऑक्साईड 0.48 टक्के आहे. म्हणजे एक टन खनिजात सुमारे 3.8 किलो टंगस्टन. त्यातला कण न् कण वापरता आला असं धरलं, तर एका टनातून जवळपास 280 एकरांवर पसरेल एवढा थर होईल! जगातल्या सगळ्या सेन्सरसाठीसुद्धा ट्रकभर खनिज पुरून उरेल.

त्यामुळे इथे कधी खाण झालीच, तर ती ड्रिलचे बिट, धातू कापायची हत्यारं आणि संरक्षण खात्याची गरज यासाठी होईल. टंगस्टनचा खरा खप तिथेच आहे. गोसीखुर्दच्या पाण्यात आधीच जमिनी गेलेल्या या तालुक्यात 'चिपसाठी टंगस्टन हवंय' असं सांगत कुणी आलं, तर हा 3.3 मिलिग्रॅमचा आकडा त्याच्यापुढे ठेवायला हरकत नाही.