एकास सत्त्याऐंशी प्रमाणातील मोडनिंब

कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाताना लागणाऱ्या मोडनिंब स्थानकावर आज रुंद रूळ आहेत. जेथे पूर्वी 'बार्शी लाईट'ची छोटी गाडी थांबे, तेथे तिच्या रुळांची खूण शोधूनही सापडणे कठीण. मग ती गाडी पुन्हा पाहायची कशी? छायाचित्रे आहेत, वृद्धांच्या आठवणी आहेत. तिसरा मार्ग कष्टाचा, पण अधिक समाधान देणारा आहे. तो म्हणजे ती गाडी आणि तो परिसर स्वतःच्या हाताने लहान आकारात उभा करणे.

रेल्वेच्या प्रतिकृती करण्याचा छंद युरोप-अमेरिकेत रुजलेला आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघु-रेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले झाले आणि अनेकांना या छंदाची ओळख झाली. तेथील गाड्या 'एचओ' प्रमाणाच्या, म्हणजे मूळ आकाराच्या एक-सत्त्याऐंशीअंश आहेत. मात्र आपल्या मातीतील एखादे खरे स्थानक करावयाचे ठरवले, तर तयार संचांवर भिस्त ठेवता येत नाही. सारे मोजून, कापून, चिकटवून करावे लागते.

प्रथम मूळ गाडी समजून घेऊ. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेल्या या रेल्वेचा बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅल्थ्रॉपने एकाही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही असा नियम घातला. इंजिनही त्यास अपवाद नव्हते. त्यामुळे यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. डब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे, पंचवीस फूट लांब व सात फूट रुंद ठेवले. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारकडे आली, आणि २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण झाले.

आता थोडे गणित. ७६२ ला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात 'एन' मापाचे जे रूळ मिळतात, त्यांचे अंतर नऊ मिलिमीटर असते. म्हणजे मूळ रुंद गाडीच्या आणखी लहान प्रतिकृतीसाठी घडवलेले रूळ, चाके आणि मोटर आपल्या अरुंद गाडीच्या पोटाखाली चपखल बसतात. डबा साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस मिलिमीटर रुंद होतो. तळहातावर मावेल एवढा.

येथेच पहिली फसगत होते. अंतर जुळले तरी रुळांची उंची जुळत नाही. 'एन' मापाचा सर्वसाधारण रूळ दोन मिलिमीटर उंच असतो. ८७ पट केल्यास ती उंची सतरा सेंटीमीटरांच्या पुढे जाते, म्हणजे आजच्या राजधानी गाड्यांच्या रुळांहूनही अधिक! तीस पौंडी रूळ मुळात आठ सेंटीमीटरांच्या आसपास असतो. म्हणून मिळतील तेवढे बारीक रूळ घ्यावेत आणि स्लीपर तोडून, विरळ करून पुन्हा लावावेत. खडी स्लीपरच्या वरपर्यंत भरली की उरलेली उंचीही बरीच लपते. इंजिनावर महिनोन्महिने घालवणारे पुष्कळ असतात; रुळांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि छायाचित्र काढताच नेमके तेच उघडे पडते.

डब्याच्या भिंतींसाठी अर्धा मिलिमीटर जाडीचा स्टायरीनचा पत्रा उत्तम. तो न मिळाल्यास लग्नपत्रिकेचा जाड, गुळगुळीत कागद पातळ वार्निशने कडक करून वापरावा. पोलादी सांगाड्याचे सौंदर्य रिव्हेटांत असते. बोथट सुईने पातळ पत्र्याच्या मागून, पट्टीच्या आधाराने, समान अंतरावर टोचत गेले की पुढे बारीक उंचवटे उमटतात. एक रांग वाकडी गेली तर तो तुकडा सरळ टाकून द्यावा. दुरुस्तीच्या नादात तो अधिकच बिघडतो. रंग सुकल्यावर खडूची पूड कोरड्या कुंचल्याने लावावी, चाकांकडे दाट आणि छताकडे विरळ. सोलापुरी धूळ खालूनच चढते.

परिसराचे काम करण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो. कोणत्या वर्षीचे, कोणत्या महिन्यातील मोडनिंब? उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि या भागातील पिकांचे चित्र पालटत गेले. प्रतिकृतीत वाफेचे इंजिन आणि १९५० साल हवे असेल, तर रुळांलगत उसाचा हिरवा पट्टा शोभणार नाही. तेथे ज्वारी हवी. पौषातली उभी ज्वारी दोन ते अडीच सेंटीमीटर उंच दाखवावी, चैत्र दाखवायचा तर केवळ धसकटे आणि कडब्याच्या गंजी. त्यासाठी काथ्याचे तंतू रंगवून वापरता येतात. गावाच्या नावातच निंब असल्याने कडुनिंबाचे झाड टाळता येणार नाही. तांब्याच्या तारा पिळून खोड करावे. बारा मीटरचे झाड चौदा सेंटीमीटर भरते. बहुतेकजण ते सात-आठच करतात आणि मग डबा झाडाहून मोठा भासू लागतो.

माती? तेथलीच काळी माती मलमलीतून गाळून वापरण्याचा मोह कोणालाही होईल आणि तो योग्यही आहे. परंतु दख्खनच्या काळ्या पाषाणात चुंबकाला चिकटणारे लोहखनिजाचे कण असतात. ते मोटरमधील चुंबकाकडे ओढले जातात आणि इंजिन बसते. म्हणून माती कागदावर पसरून तिच्यावरून पाच-सात वेळा लोहचुंबक फिरवावे. त्याला चिकटलेली काळी लव पाहिली की या सूचनेचे मोल कळते. पाणी घातलेल्या फेविकॉलने माती बसवली की ती अधिक गडद दिसते. तेव्हा वरून थोडी राखाडी पूड शिंपडावी.

या सर्वांहून अवघड भाग मोजमापांचा. फलाटाची लांबी, पाण्याची टाकी कोणत्या बाजूला, कोठीचे दार कोणत्या रंगाचे, हे आता स्थानकावर जाऊन कळत नाही. ते त्या गाडीने शाळेला, बाजाराला गेलेल्यांना विचारावे लागते, आणि असे लोक दरवर्षी कमी होत आहेत. विचारताना कोरा कागद पुढे करावा. माणसे सांगतात त्याहून अधिक अचूक रेखाटतात, असा माझा अनुभव आहे.

ते हमखास सांगतात ती आषाढीच्या दिवसांतील गर्दी. ती दाखवायची तर टपावरही वारकरी बसवावे लागतील, प्रत्येकी उभा राहिल्यास एकोणीस मिलिमीटरचा. पण धातूच्या मूर्ती टपावर बसवताच डबा पहिल्याच वळणावर कलंडतो. एचओ प्रमाणाच्या रुंद गाड्यांसाठी अमेरिकी संघटनेचा नियम एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचास अर्धा औंस असा आहे. अरुंद गाडीस त्याच्या पाऊणपट पुरते. म्हणजे आपल्या डब्याचे एकूण वजन साठ ग्रॅमच्या आत-बाहेर. ते सारे शिशाच्या पट्टीने तळाशी, बोगींच्या मधोमध बसवावे, आणि टपावरचे वारकरी कागदाच्या लगद्याचे करावेत.