सरईचा भुंगा आणि श्रावकाची अडचण

आमच्या बालाघाट जिल्ह्यात बैहरकडील डोंगरांवर साल वृक्षांची अरण्ये आहेत. लोक त्यास सरई म्हणतात. तिचा वैरी एक लांब मिशांचा भुंगा. कीड परदेशी नव्हे, येथलीच. परंतु माजली म्हणजे अनर्थ करते. १९२३ ते १९२८ या काळात शेजारच्या मंडला भागात सुमारे ७० लाख झाडे तिने मारली, असे वनखात्याच्या इतिहासात नमूद आहे. १९९६ नंतर पुन्हा तोच प्रकोप झाला. रोगट झाडांची तोड इतकी वाढली की सर्वोच्च न्यायालयास त्यात लक्ष घालावे लागले.

पहिल्या पावसासरशी भुंगा बाहेर पडतो व सालीत अंडी घालतो; अळी खोड पोखरीत आत शिरते. निरोगी सरई राळ सोडून अळ्यांना बुडविते, पण अळ्या अमर्याद झाल्या की तिचाही इलाज चालत नाही. उपाय जुना आहे. पावसाळ्यात काही सदोष झाडे पाडून ओंडके करावयाचे व त्यांची साल ठेचावयाची. रसाच्या वासाने भुंगे दुरून येतात, पिऊन गुंगतात, आणि वेचून मारले जातात. त्या प्रकोपात सरकारने गावकऱ्यांस नगावर पैसे देऊन भुंगे वेचविले.

येथे आपले मन अडखळते. पंधरा कर्मादानांत वनकर्म श्रावकास वर्ज्य. झाड एकेंद्रिय, तर भुंगा चतुरिंद्रिय जीव. एकास राखावे तर दुसऱ्याचा घात!

मी धान्याचा व्यापारी. पोत्याच्या बुडाशी पीठ दिसले की सोंडे लागले, हे मला कळते. त्याच दिवशी चाळणी धरली तर थोडक्यात निभावते. एके वर्षी मी आळस केला आणि सबंध गोदामास औषधाची धुरी द्यावी लागली. किती जीव गेले, त्याची मोजदाद नाही. अरण्याचेही तसेच. बुंध्याशी लाकडाचा भुसा, खोडावर राळेचे ओघळ, वाळता शेंडा, ही चिन्हे हिवाळ्यातच दिसतात. तेव्हा मोजकी झाडे काढली तर पुढील पावसाळ्यातील संहार पुष्कळ टळतो.

म्हणून तिकडून धान घेऊन येणाऱ्यांना मी थंडीत विचारीत असतो. गेल्या वर्षी एक वृद्ध म्हणाला, "शेटजी, भुसा आहे, पण दोनच झाडांना." त्याच दिवशी मी वननाक्यावर निरोप धाडला.