लहान तोंडी मोठा घास

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. दुकानदाराने ‘अगदी गरीब मासा, बोटाच्या पेराएवढा, कोणाच्या अध्यात ना मध्यात’ असं सांगून त्यांना दोन पी पफर दिले. टाकीत आधीपासून सहा गप्पी होते. आठवड्याभरात सहाही गप्पींच्या शेपट्या झडल्यासारख्या झाल्या. ‘पफर उपाशी नाहीत, रोज ब्लडवर्म घालतो. मग हे काय?’

हा केंड आहे. मालवणकडच्या मंडळींना एवढं सांगितलं की पुरे. समुद्रातला केंड जाळ्यात शिरला की आतली मासळी खातोच, वर जाळंही कातरून जातो. पी पफर हा त्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद, लांबीला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा ऐवज. स्वभाव मात्र घराण्याचा.

दुकानदाराची बाजूही ऐकून घेऊ. टाकीतल्या माशांची जोडी जमवण्याचा एक जुना आणि बऱ्यापैकी खरा हिशेब आहे: जो दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो. बहुतेक शिकारी मासे भक्ष्य अख्खं गिळतात, म्हणून जबडा किती उघडतो ही त्यांची मर्यादा. रुपयाएवढा असताना आणलेला एंजल वाढतो आणि एक दिवस निऑन टेट्रा मोजायला गेलं की दोन कमी भरतात, ते यामुळेच. त्या हिशेबाने पी पफर निरुपद्रवी ठरतो, कारण त्याचं तोंड मोहरीएवढं. त्यात गप्पी मावणार कसा?

मावायची गरजच नाही. पफरचे दात एकमेकांना जुळून चार पाती झालेली असतात, दोन वर, दोन खाली. टेट्राओडॉन या ग्रीक नावाचा अर्थच ‘चार दातांचा’. हे तोंड म्हणजे अडकित्ता आहे. आजोबांची सुपारी आठवा: ती कोणी अख्खी गिळत नसे, कातरून खात. अडकित्ता केवढा आहे यावर सुपारी केवढी असावी हे ठरत नाही, फक्त वेळ कमी-जास्त लागतो. ही पाती जन्मभर वाढत राहतात आणि गोगलगायीचं कवच फोडताना झिजतात. मऊ ब्लडवर्मने पोट भरतं, अडकित्त्याला काम मिळत नाही.

मित्राच्या टाकीसमोर मी एकदा अर्धा तास बसलो होतो. पफर पोहत नाही, तरंगत उभा राहतो. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर भिरभिरवत तो हेलिकॉप्टरसारखा जागच्या जागी वळतो, शेपटी नुसती सुकाणूसारखी. डोळे एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात, सरड्याच्या जातकुळीतल्या शॅमेलिअनसारखे. काचेवर एक गोगलगाय चढत होती. हा दोन बोटांवर थांबला, शेपूट किंचित वाकवली, एक डोळा तिच्यावर रोखला. तिने शिंगं बाहेर काढली, आणि टक्! शिंग गेलं. गोगलगाय कवचात. हा तिथेच. घाई नाही. घड्याळजी भिंगातून बघतो तसा बघत राहिला.

आता या डोळ्यांनी गप्पी बघा. समोर मऊ, रंगीत, हलणारं काहीतरी लोंबतंय आणि त्याचा मालक संथ आहे. नर गप्पीची ती पंख्यासारखी शेपटी निसर्गाने एवढी वाढवली नव्हती, शौकिनांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवली. डासांच्या अळ्या खायला महापालिका विहिरीत सोडते तो साधा गप्पी त्यामानाने चपळ. लांब परांचा फायटरही याच कारणाने बाद.

पी पफरला शास्त्रीय नाव मिळालं 1941 मध्ये, तेव्हाच्या त्रावणकोरातल्या पंपा नदीतल्या नमुन्यांवरून. देणारे होते सुंदरलाल होरा आणि के. के. नायर. होरा पंजाबात जन्मलेले, पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झालेले. पाठ्यपुस्तकात त्यांना एक ओळही मिळत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण त्यांचा सर्वांत गाजलेला विचार आपल्या अंगणातून जातो. पूर्व हिमालयातल्या आणि मलायातल्या डोंगरी ओढ्यांमधल्या माशांचे सगेसोयरे मधला सगळा देश सोडून थेट सह्याद्रीत कसे? होरा म्हणाले, सातपुड्याच्या वाटेने. पुढे भूशास्त्रज्ञांनी आणि जनुकवाल्यांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले. गंमत अशी, की पी पफरचं कोडंही त्याच जातीचं आहे: त्याच्या प्रजातीतले बहुतेक नातलग आग्नेय आशियात आणि हा इकडे केरळ-कर्नाटकात. पण हा खळाळत्या ओढ्यातला नाही, संथ, झाडोऱ्याच्या पाण्यातला. सातपुडा चढून आला असेल असं काही त्याच्याकडे बघून वाटत नाही.

असो. मग याच्यासोबत ठेवायचं कोणाला? दुकानातल्या भिंतीवर ‘कोणासोबत कोण’ असे तक्ते लावलेले असतात. त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. तक्ता जात बघतो आणि टाकीत असतो एकेक मासा. फेलिसिटी हंटिंगफोर्ड यांनी 1976 मध्ये स्टिकलबॅक माशांवरच्या कामात दाखवलं होतं, की एकाच जातीत काही मासे मुळात धीट असतात आणि शत्रूसमोर धीट असणारेच शेजाऱ्यांशी जास्त भांडतात. पफर पाळणारेही हेच सांगतात: एकाचा पफर ओटोसिंक्लसकडे ढुंकून बघत नाही, दुसऱ्याचा त्याला छळतो. तरी सोबत हवीच असेल तर ओटोच त्यातल्या त्यात बरा. अंगावर हाडाच्या पट्ट्या, पर आखूड, दिवसभर पानाला चिकटलेला. कोळंबीची पिल्लं मात्र सोबती नव्हेत, नाश्ता.

माझं मत विचाराल तर पफरला पफरच द्यावा. एक नर, दोन-तीन माद्या, आणि टाकीत एवढी झाडी की एकाला दुसरा सतत दिसू नये. वयात आलेल्या नराच्या पोटावर गडद रेघ आणि डोळ्यामागे सुरकुत्या असतात. नाशिकचे दोन्ही पफर नर निघाले तर मध्ये काच घालावी लागेल. शक्य असेल तिथे टाकीत जन्मलेली पिल्लं मागा. बाजारात नदीतून धरलेलेच फार येतात आणि ही जात ‘असुरक्षित’ यादीत आहे.

नाशिकच्या वाचकांनी गप्पी आजच वेगळे काढावेत. शेपट्या बुडापर्यंत गेल्या नसतील तर स्वच्छ पाण्यात काही आठवड्यांत पुन्हा फुटतात. आणि पाणवनस्पतींबरोबर फुकटात येणाऱ्या, सगळे वैतागून फेकून देतात त्या बारक्या गोगलगायी दुकानदाराकडे मागाव्यात. तो पिशवी भरून देईल, वर आभारही मानेल.