ट्रेक निवडताना: सह्याद्रीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाऊस स्थिरावला की पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच चर्चा सुरू होते: या रविवारी कुठं जायचं? कुणीतरी फोटो टाकतं, चारजण ‘चला’ म्हणतात आणि किल्ला ठरतो. कुठल्या गावातून चढायचं, वाट कशी आहे, उतरायला किती वेळ लागेल, हे विषय गाडीत बसल्यावर निघतात. खरं तर ट्रेकची निवड याच प्रश्नांपासून सुरू व्हायला हवी. सह्याद्रीत माणूस अडचणीत येतो तो बहुतेक वेळा चुकीच्या वाटेमुळे किंवा चुकीच्या वेळेमुळे. त्यामागे काही पक्के गैरसमज असतात.

गैरसमज: डोंगर जितका उंच, तितका ट्रेक अवघड.

वस्तुस्थिती: कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. पण आपण चढायला सुरुवात करतो ते बारी गावच मुळात उंचावर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढण जवळपास ९०० मीटरची होते. ती दमवते, पण वाट मळलेली आहे आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पनवेलजवळचा कलावंतीण सुळका उंचीनं कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. तरी तिथल्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांना कठडा नाही, बाजूला सरळ दरी आहे आणि शेवटचा छोटा कातळटप्पा हात-पाय लावून चढावा लागतो. ज्याला उंचीची भीती वाटते, त्याच्यासाठी कळसूबाई कितीतरी सोपी.

हा फरक सह्याद्रीच्या घडणीतच आहे. लाव्हाच्या थरांवर थर साचून हे डोंगर झाले. टणक थरांचे कडे उरले आणि मऊ थरांची झीज होऊन पठारं व माच्या तयार झाल्या. त्यातही देशाकडची बाजू बरीचशी उतरती, तर कोकणाकडची एकदम तुटलेली. म्हणून समुद्रसपाटीपासूनची उंची पाहून ट्रेक ठरवू नका. पायथ्यापासूनची चढण आणि वाटेतले कातळटप्पे विचारा.

गैरसमज: एखादा किल्ला ‘सोपा’ म्हणजे सोपाच.

वस्तुस्थिती: सोपी किंवा अवघड असते ती वाट. हरिश्चंद्रगडच घ्या. पाचनईहून जाणारी वाट कड्याच्या पोटातून, ओढ्याच्या कडेनं जाते आणि सवय नसलेल्यालाही दोन-तीन तासांत गडावरच्या मंदिरापाशी पोहोचवते. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांब आहे, खिंडीच्या वर कातळटप्पे आहेत आणि त्यानंतरही पठारावर बरीच चाल उरते. बेलपाड्याहून निघणारी नळीची वाट तर थेट कोकणकड्याच्या बाजूच्या घळीतून, मोठाल्या धोंड्यांवरून चढते. तिथं दोर, अनुभव आणि जाणकार सोबती नसेल तर पाऊल टाकू नये. गड एकच, वाटा तीन, आणि तिन्हींना लागणारी तयारी अगदी वेगळी.

राजमाचीचंही तसंच आहे. लोणावळ्याहून सुमारे १५ किलोमीटरची चाल, पण बरीचशी सपाट. कर्जतकडून कोंदिवड्याची वाट अंतरानं कमी, पण चढण खडी. गुडघे दुखणाऱ्यानं पहिली घ्यावी, वेळ कमी असणाऱ्यानं दुसरी. मित्र म्हणाला, ‘राजमाची केला, काही नाही त्यात,’ तर आधी विचारा: कुठून?

गैरसमज: अंतर कमी, म्हणजे वेळही कमी.

वस्तुस्थिती: डोंगरात वेळ चढणीवर ठरतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही कामाचा आहे: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढणीला आणखी एक तास. म्हणजे ६ किलोमीटरची वाट आणि ९०० मीटरची चढण असेल, तर जेमतेम पावणेतीन तास. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा आहे. खाणं, फोटो, दम खाणं, ऊन आणि घसरडी वाट धरली तर चार तास सहज होतात. आणि वेळ मोजायचा तो गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांनी.

गैरसमज: पावसाळा हाच सह्याद्रीचा मोसम.

वस्तुस्थिती: हिरवाई, धबधबे, ढग हे सगळं खरं आहे. पण भर पावसात कातळावर शेवाळ चढतं, धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेपर्यंत येतो. साम्रदची सांदण दरी म्हणजे दोन उभ्या भिंतींमधली अरुंद घळ. वरचं सगळं पाणी तिच्यातूनच वाहतं, त्यामुळे पावसाळ्यात तिथं उतरणं जिवावर बेतू शकतं. धबधब्यांवर प्रशासन बंदी घालतं, ती याचसाठी. पावसात लोहगडासारखी पायऱ्यांची, ओढे ओलांडावे न लागणारी वाट निवडावी.

लांबच्या आणि कातळाच्या वाटांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मात्र गवत वाळलं की घसारा सुरू होतो: सुटी माती आणि बारीक खडे, मोहरीवर पाय ठेवल्यागत निसटणारे. मार्चनंतर गडावरची बरीच टाकी आटतात किंवा पाणी पिण्याजोगं राहत नाही. त्या दिवसांत पाणी सगळं खालूनच न्यावं लागतं.

गैरसमज: एकदा माथा गाठला की उतरणं काय!

वस्तुस्थिती: उतरताना गुडघ्यांवर भार येतो, पाय थकलेले असतात आणि लक्ष घरी पोहोचण्याकडे असतं. हरिहर किल्ल्याच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या पाहा. प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना बोटं अडकवण्यासाठी खोबण्या कोरल्या आहेत. चढताना नजर वर असते, म्हणून त्या सहज सापडतात. उतरताना मात्र दरीकडे पाठ करून, एकेका खोबणीत हात घट्ट बसवून, पायानं खालची पायरी चाचपत यावं लागतं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रानात अंधार त्याआधीच पडतो. म्हणून परत फिरायची वेळ पायथ्याशीच ठरवा आणि माथा आला नसला तरी पाळा.

गैरसमज: गर्दी असते, म्हणजे वाट सुरक्षित.

वस्तुस्थिती: हरिहरच्या त्याच पायऱ्यांवर एका वेळी एकच माणूस नीट मावतो. वरचे आणि खालचे समोरासमोर आले की दोघांचीही कोंडी होते. गर्दीचा गोंगाट आणि चुलीचा धूर यांनी आग्या मोहळ उठतं, आणि कड्यावर पळायला जागा नसते. कमी वर्दळीच्या डोंगरांवर वेगळीच अडचण. गुरांच्या पायवाटा खऱ्या वाटेइतक्याच ठळक दिसतात आणि कड्याच्या टोकावर नेऊन सोडतात.

गैरसमज: वाटाड्या फक्त नवख्यांना लागतो.

वस्तुस्थिती: परवाच्या पावसात कुठली वाट खचली, कुठल्या टाक्याचं पाणी पिता येतं, वनखात्यानं काय बंद केलं आहे, हे पायथ्याच्या गावातल्या माणसाला ठाऊक असतं. नकाशात आणि जुन्या वर्णनात ते सापडत नाही. त्याला दिलेले पैसे गावातच राहतात, आणि रात्री कुणी उतरलं नाही तर पहिला शोधायला निघतो तोही गावकरीच.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर किल्ल्याच्या नावासोबत चार गोष्टी लिहा: पायथ्याचं गाव, पायथ्यापासूनची चढण, गटातल्या सर्वांत हळू माणसाच्या हिशेबानं लागणारा वेळ आणि परत फिरायची वेळ. कुठं चाललो आहोत आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघा. अडचणीसाठी ११२ हा क्रमांक लक्षात ठेवा, पण रेंज नसेल हे धरूनच तयारी करा. या चार गोष्टींची उत्तरं मिळत नसतील, तर त्या रविवारी दुसरी वाट धरा. सह्याद्रीत प्रत्येकाच्या पायांना झेपेल अशी वाट आहे.