घरातील संगणकांचे जाळे

आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा असल्या विषयावर आम्ही बोलावे याचे कोणास नवल वाटले, तर ते साहजिकच आहे. परंतु कामगार चळवळीत जन्म घालविल्यावर एक गोष्ट आमच्या मनावर पक्की ठसली आहे. ज्या यंत्रावर आपले काम अडते, त्या यंत्राची कळ दुसऱ्याच्याच हाती राहिली की माणूस परावलंबी होतो. आज ते यंत्र आपल्या घरात येऊन बसले आहे.

घरात दोन संगणक असतात, मुलांचे मोबाइल असतात, एखादा प्रिंटर असतो. ही सारी एकमेकांशी बोलू लागली म्हणजे जाळे झाले. त्यासाठी लागणारे सामान हल्ली बाजारात एकाच खोक्यात मिळते. त्याला स्टार्टर किट म्हणतात. आम्ही आणलेल्या खोक्यात एक रूटर, पाच तोंडांचा एक स्विच आणि काही तयार वायरी होत्या.

प्रथम वायर पाहू. तिच्या पोटात तांब्याच्या 8 तारा असतात. दोन-दोन मिळून त्यांच्या 4 जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरच्या विजेचा उपद्रव पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच होतो; पलीकडचे यंत्र केवळ दोन तारांमधील फरक वाचते, त्यामुळे तो उपद्रव आपोआप वजा होतो. टेलिफोनवाल्या बेल साहेबांनी या युक्तीचे पेटंट 1881 साली घेतले होते. अशी वायर 100 मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. आपल्या घरांना ती लांबी पुरून उरते.

आता स्विच. संगणक आपला मजकूर लहान लहान पाकिटांत घालतो आणि प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहितो. पूर्वी हब नावाची पेटी असे. ती गिरणीच्या भोंग्यासारखी. एकाचे बोलणे सगळ्यांच्या कानी घाली. स्विच हा चाळीतल्या जुन्या पोस्टमनसारखा आहे. कोण कोणत्या दारामागे राहतो हे तो ध्यानात ठेवतो आणि पाकीट त्याच दारी टाकतो.

या पद्धतीला इथरनेट म्हणतात. 1973 साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात मेटकाफ आणि बॉग्ज यांनी तिची उभारणी केली. 1983 साली तिचे सर्वमान्य प्रमाण ठरले, आणि म्हणूनच एका कंपनीचा संगणक दुसऱ्या कंपनीच्या स्विचला बिनदिक्कत जोडता येतो. सर्वांनी मिळून मान्य केलेल्या कराराचे बळ काय असते, हे आम्हा संघटनेच्या माणसांना वेगळे सांगावयास नको.

राहिला रूटर. घरातील प्रत्येक यंत्राला तो एक क्रमांक देतो, बहुधा 192.168 ने सुरू होणारा. हे क्रमांक खाजगी जाळ्यांसाठीच राखून ठेवलेले आहेत. प्रत्येक चाळीत ‘खोली नंबर 4’ असते, तसाच हा प्रकार. बाहेरच्या जगाला मात्र चाळीचा एकच पत्ता ठाऊक असतो. आलेले टपाल योग्य खोलीत पोहोचविणे हे रूटरचे काम.

येथेच आम्ही फसलो. बंद पडलेल्या एका कारखान्यातील कामगारांचे भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज आम्हांला रातोरात छापावयाचे होते. सकाळी माणसे गावाहून सह्यांना येणार होती. नवे खोके त्याच संध्याकाळी जोडले, आणि संगणकाला प्रिंटर दिसेनासा झाला! कारण असे की, इंटरनेट पुरविणाऱ्याची पेटी घरात होतीच. तिच्याकडून येणारी वायर आम्ही नव्या रूटरच्या ‘वॅन’ असे लिहिलेल्या वेगळ्या तोंडात न घालता शेजारच्या साध्या तोंडात घातली. मग एकाच फाटकावर दोन मुकादम बिल्ले वाटू लागले. प्रिंटरला क्रमांक एकाने दिला, संगणकाला दुसऱ्याने. दोघे एकाच खोलीत असून एकमेकांना परके! वायर योग्य तोंडात घातली आणि सारी यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केली, तेव्हा काम सुरळीत झाले. पण तोवर पहाटेचे दोन वाजले होते. सगळे अर्ज काही वेळेत निघाले नाहीत. दोघांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागले आणि त्यांचा एक रोज बुडाला. आमच्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याने भरली, ही टोचणी अजून गेलेली नाही.

बिनतारी जोडणीबद्दल थोडक्यात सांगतो. रूटर लोखंडी कपाटाआड ठेवू नये. घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावा. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे दूरवर जातात. 5 गिगाहर्ट्झच्या लहरींचा वेग अधिक, पण पल्ला कमी. जे यंत्र जागचे हलत नाही, त्याला वायरच बरी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खोक्याबरोबर कारखान्याने घातलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रोग्रॅमने असे मूळचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे व रूटर जगभर शोधून काढले आणि आपल्या फौजेत भरती केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या फौजेच्या माऱ्याने अमेरिकेतील मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. ज्यांची यंत्रे या कामी वापरली गेली, त्या घरमालकांना त्याचा पत्ताही नव्हता! वायफायसाठी डब्ल्यूपीए-2 किंवा डब्ल्यूपीए-3 हेच कुलूप निवडावे, आणि किल्ली लांबलचक ठेवावी. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करण्याची सोय बहुतेक रूटरांत असते. तिचा उपयोग करावा.

हे काम करणारा कारागीर बोलावू नये, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या श्रमाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. पण तो काम करीत असता आपण जवळ उभे राहावे, कोणती वायर कोठे जाते हे विचारावे, आणि एका वहीत ते लिहून ठेवावे. आमच्या घरी अशी वही आता रूटरखालीच असते.