मोहितोतून रम काढल्यावर

हॉटेलात ‘व्हर्जिन मोहितो’ मागवला की बहुतेक वेळा पुदिन्याचं गोड सरबत समोर येतं. मोहितो मूळचा क्यूबाचा. त्यात पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना आणि सोडा. रम नुसती वगळली, तर तिची कामं करायला कुणी उरत नाही. घशाला चटका देणं, गोडाला आवर घालणं आणि उसाची खोल चव आणणं ही ती कामं. प्रत्येकाला बदली द्यावी लागते.

चटका आल्याचा. आलं किसून पिळा आणि रस दहा मिनिटं वाटीत राहू द्या. तळाला पांढरा साका बसतो, तो स्टार्च. वरचा निवळ रस अर्धा चमचा पुरे. गोडाला आवरतो कोऱ्या चहाचा तुरटपणा. चहा जरा कडक करून पूर्ण गार करा, ३० मिली घ्या. उसाची चव तर आपल्या घरातच असते. रम होते ती मुख्यतः मळीपासून, म्हणून साखरेऐवजी दोन चमचे काकवी घाला. पेयाला तांबूस रंग येईल, येऊ द्या. चव मात्र रमच्या बरीच जवळ जाते.

आता पुदिना. सगळं बिघडतं ते इथेच. वासाचं तेल पानाच्या पाठीपोटावरच्या बारीक ग्रंथींत असतं, हलक्या दाबानेही त्या फुटतात. उंच ग्लासात दहा-बारा पानं, काकवी आणि एका कागदी लिंबाचा रस घ्या. लाटण्याच्या टोकाने पाच-सहा वेळा फक्त दाबा. पानं अख्खी राहिली पाहिजेत. चटणीसारखी रगडलीत तर कडवटपणा उतरतो.

मग आल्याचा रस, चहा आणि ग्लासभर बर्फ. वरून १०० मिली सोडा, ग्लास तिरका धरून कडेने ओता. सोडा फ्रिजमधलाच हवा, कारण गार पाण्यात वायू जास्त टिकतो. चमचा तळापासून एकदाच वर आणा. पुदिन्याचा शेंडा तळहातावर ठेवून टाळी वाजवा आणि काठाशी खोचा. प्रत्येक घोटाआधी वास नाकाला मिळतो.

एक विनंती. कडवटपणासाठी काही जण बिटर्सचे थेंब टाकतात. अँगोस्तुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. पाहुणा औषधांमुळे किंवा व्रतामुळे दारू टाळत असेल, तर ती बाटली कपाटातच राहू द्या.